काचेच्या पंखांचे फुलपाखरू आणि अम्मीचे प्रश्न

आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात, खिडकीखाली किंवा गॅलरीतल्या कुंडीत रातराणीचे एखादे झुडूप असतेच. दिवसा तिच्याकडे कुणी पाहत नाही. हिरवट-पांढरी, बारीक नळीसारखी फुले, ना रंग ना रूप. मगरिबनंतर मात्र घरातल्या प्रत्येकाला कळते की दाराशी रातराणी आहे, आणि इशापर्यंत तिचा वास शेजारच्या घरीही पोचलेला असतो. ती आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचे माहेर परदेशात आहे हे सांगून कुणाला पटत नाही. पण ते आहे वेस्ट इंडीजच्या बेटांवर आणि मध्य अमेरिकेत. वनस्पतिशास्त्रात तिच्या वंशाचे नाव सेस्ट्रम. वांगी, मिरची, बटाटा, धोतरा यांच्याच कुळातली ती.

मध्य अमेरिकेत या सेस्ट्रम वंशाच्या झुडपांवर एक फुलपाखरू अंडी घालते. त्याचे शास्त्रीय नाव ग्रेटा ओटो. पंख पसरले तर जेमतेम सहा सेंटीमीटर भरतात, आणि ते पंख आरपार दिसणारे असतात. तपकिरी किनार, तिला लागून थोडा तांबूस रंग, पुढच्या पंखावर एक पांढरा पट्टा, आणि मधला सगळा भाग काचेसारखा. ते फुलावर बसले की पंखातून मागचे फूल दिसते. स्पॅनिश बोलणारे लोक अशा फुलपाखरांना एस्पेहितोस म्हणतात, म्हणजे छोटे आरसे.

गेल्या वर्षी मला हे फुलपाखरू त्याच्या जंगलात पाहायला मिळाले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे त्याच्याबद्दल थोडेफार वाचलेले होते. पण ते मला खरे समजले घरी परत आल्यावर, अम्मीला सांगताना. माझ्या अम्मीला दिसत नाही.

अम्मी एकोणऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता दहा वर्षे झाली. या आजारात बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरत जाते. आधी कडेचे दिसणे कमी होते, समोरचे मात्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसते. त्यामुळे स्वतः माणसालाही पत्ता लागत नाही. अम्मी सुईत दोरा ओवत होती, तांदूळ निवडत होती, आणि त्याच वेळी तिचे दोन्ही बाजूंचे जग बंद होत चालले होते. निदान झाले तेव्हा फार थोडे उरले होते, आणि तेही पुढे गेले.

त्यामुळे मी कुठून प्रवास करून आले की अम्मीचा कायदा ठरलेला आहे. फोटो दाखवायचे नाहीत, सांगायचे. आणि अम्मी प्रश्न विचारते. चाळीस मुलांच्या वर्गाने कधी विचारले नसतील असे प्रश्न.

आधी जागेबद्दल सांगते. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांनी आम्हा दोघांना आठवडाभरासाठी कोस्टा रिकाला नेले. मध्य अमेरिकेतला हा लहानसा देश. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आणि मध्ये डोंगरांचा कणा. त्यातल्या तिलारान डोंगररांगेत मोंतेव्हेर्दे नावाचे गाव आहे. कॅरिबियनवरून येणारे दमट वारे या डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि साधारण दीड हजार मीटर उंचीवर त्यांचे ढग होतात. हे ढग डोंगरावरून नुसते जात नाहीत, झाडांमधून चालत जातात. पानांवर, शेवाळावर, फांद्यांवर वाढलेल्या आमरींवर आणि नेच्यांवर त्यातले पाणी अडकते आणि थेंब थेंब खाली टपकते. पाऊस नसतानाही जंगल ठिबकत राहते. अशा जंगलाला मेघवन म्हणतात. आमरींचेच चारशेहून अधिक प्रकार मोंतेव्हेर्देच्या परिसरात नोंदले गेले आहेत. एका झाडावर इतकी झाडे वाढलेली की मूळ झाडाची साल शोधावी लागते.

आमच्या बरोबर तिथलीच एक वाटाडी बाई होती. पायवाटेच्या कडेला गुडघाभर उंचीवर ती बोट दाखवत होती आणि आम्हा चौघांना काहीही दिसत नव्हते. मग एक पांढरी रेघ हलली. रेघेमागे दोन तपकिरी चौकटी उघडल्या-मिटल्या, आणि चौकटींच्या आत हिरवे पानच होते. ह्यांच्या तोंडून "सुबहानल्लाह" निघाले, आणि मुलीने मोबाइल काढेपर्यंत ते सावलीत शिरले. सावलीत गेल्यावर ते कुठे गेले हे वाटाडीलाही सांगता आले नाही. हे फुलपाखरू उन्हात फारसे रमत नाही. दाट झाडीखाली, जमिनीपासून थोड्या उंचीवर, पानापानांतून ते सावकाश उडते. आपल्याकडे जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, तीही मूळची त्याच मुलखातली. तिच्या फुलांतला मध त्याला आवडतो.

अम्मीचा पहिला प्रश्न होता, "काचेचा पंख, मग तो फुटत नाही?"

मी स्वयंपाकघरातून कांदा आणला, त्याच्या दोन पाकळ्यांमधला पातळ पापुद्रा सोडवला आणि तिच्या बोटांवर ठेवला. तिने तो चोळून पाहिला. "असा," मी म्हटले. फुलपाखराचा पंख मुळात असाच पापुद्रा असतो. झुरळाचे, टोळाचे अंग ज्याचे बनते त्याच कायटिन नावाच्या पदार्थाचा. आपण फुलपाखराला हात लावला की बोटांना रंगीत पूड लागते ना, ते त्याचे खवले. कौलारू घरावर कौले बसवावीत तसे ते पापुद्र्यावर एकावर एक बसलेले असतात, आणि रंग सगळा त्या कौलांचा. ग्रेटा ओटोच्या पंखाच्या मधल्या भागात ही कौले मुळातच कमी, आणि जी आहेत ती केसांसारखी बारीक किंवा टोकाला दुभंगलेली. ती पापुद्रा झाकत नाहीत. कोशात असतानाच, पंख तयार होत असताना, या भागात खवल्यांच्या पेशी विरळ पडतात. म्हणजे रंग पुसून पंख पारदर्शक होत नाही, तो पहिल्यापासून तसा घडवला जातो.

दुसरा प्रश्न ऐकून मात्र मी खुर्ची ओढून बसले. अम्मी म्हणाली, "पण काच तर चमकते. कंदिलाची काच पुसून ठेवली की लांबून चमकायची. मग पाखराला ते दिसणार नाही?"

कार्ल्सरूह या जर्मन शहरातल्या संशोधन संस्थेने नेमका हाच प्रश्न धरला होता. रदवानुल हसन सिद्दीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. खिडकीची साधी काच समोरून आलेल्या प्रकाशाचा सुमारे आठ टक्के भाग परत फेकते, आणि तिरकस पाहिले तर कितीतरी जास्त. चमकते ती त्यामुळे. ग्रेटा ओटोचा पंख कुठल्याही बाजूने पाहिला तरी दोन ते पाच टक्केच प्रकाश परत फेकतो. याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पंखाचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. त्यावर अतिसूक्ष्म खांबांची दाटी आहे. खांबांची उंची साधारण चारशे ते सहाशे नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. गंमत अशी की हे खांब एकसारखे उंच नाहीत. कुणी आखूड, कुणी लांब, काही हिशेब नाही. आणि ही बेशिस्तच कामाची आहे. उंच-सखल खांबांमुळे हवेतून पंखात शिरणाऱ्या प्रकाशाला एकदम धक्का बसत नाही, तो हळूहळू आत जातो आणि म्हणून मागे फिरत नाही. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी दाखवले की हे खांब मेणासारख्या पदार्थाचे आहेत. त्यांनी ते मेण धुऊन काढले, तर पंख जास्त चमकू लागला.

अम्मी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे न दिसायलाही मेहनत लागते."

तिसरा प्रश्न आला दुसऱ्या दिवशी, दुपारी चहाच्या वेळी. रात्रभर तिच्या डोक्यात तो असणार. "तो दिसतच नाही, तर मादीला सापडतो कसा?"

वासाने. नराच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेला लांब केसांचा एक झुपका असतो, एरवी पुढच्या पंखाखाली झाकलेला. सावलीच्या ठिकाणी अनेक नर एकत्र जमतात, पंख उघडून तो झुपका उभारतात आणि वास हवेत सोडतात. त्या वासावर माद्या येतात. पण हा वास नराला जन्मतः मिळत नाही, तो कमवावा लागतो. काही वनस्पतींमध्ये कडू, विषारी अल्कलॉइडे असतात. सूर्यफुलाच्या कुळातल्या काही आणि भुरुंडीच्या कुळातल्या काही. नर त्या फुलांवर, कधी सुकलेल्या फांद्यांवर बसून तो कडू रस शोषतो आणि त्यापासून आपला वास तयार करतो. या वंशकुळीतली आपल्याकडची फुलपाखरेही तेच करतात. पावसाळ्यानंतर माळावर खुळखुळ्याच्या सुकलेल्या शेंगांवर निळी-काळी फुलपाखरे झुंडीने चिकटलेली दिसतात, ती याच कामावर असतात.

त्या कडू रसाचा दुसराही उपयोग आहे. कीथ ब्राउन या शास्त्रज्ञांनी ब्राझीलमध्ये या कुळातली फुलपाखरे कोळ्याच्या मोठ्या जाळ्यात सोडून पाहिली आणि १९८४ मध्ये ते लिहिले. जंगलात हिंडलेले, रस प्यालेले फुलपाखरू जाळ्यात पडले की कोळी त्याला चाचपतो आणि भोवतालचे धागे तोडून त्याला जिवंत सोडून देतो. नुकतेच कोशातून निघालेले, अजून काही न प्यालेले फुलपाखरू मात्र तो खाऊन टाकतो. मिलनाच्या वेळी नर हा साठा मादीलाही देतो, आणि तिच्याकडून त्यातला काही अंड्यांपर्यंत पोचतो.

"वासावर चालणारे पाखरू," अम्मी हसून म्हणाली. तिचेही तसेच आहे. दार उघडले की बोलायच्या आधी तिला कोण आले ते कळते. धाकटा भाऊ अत्तरावरून, मी खडूच्या पुडीवरून. भात लागायच्या मिनिटभर आधी ती आत हाक मारते. नजर गेल्यावरची पहिली दोन वर्षे तिने भिंतीला धरून काढली. नंतर घर तिने नाकाने आणि कानाने पुन्हा पाठ केले. आम्ही तिला मदत करतो असे लोकांना वाटते, पण घरात गॅस बारीक राहिल्याचे आजही सगळ्यांत आधी तिलाच समजते.

तिने विचारले, "आपल्या रातराणीवर येईल का ते?" नाही येणार. झुडूप माणसांबरोबर जहाजातून जगभर गेले, फुलपाखरू गेले नाही. त्याला नुसती पाने पुरत नाहीत. अळी सेस्ट्रमची पाने खाऊन वाढते, मग पानाखाली चांदीसारखा चकाकणारा कोश करून लटकते. तो ओल्या पानांमधल्या पाण्याच्या थेंबासारखा दिसतो. थेंबासारखे दिसून लपायचे तर भोवती थेंब हवेत. पारदर्शक पंखाने लपायचे तर सावली हवी, ओलावा हवा, वर ढग हवा. जाता जाता एक सांगून ठेवते: आपल्या रातराणीची पांढरी फळे विषारी असतात. घरात रांगती मुले असतील तर झुडूप त्यांच्या हातापासून लांब असू द्या.

शेवटचा प्रश्न चौथ्या दिवशी आला. "आणि ढगच आले नाहीत तर?"

याचे उत्तर मोंतेव्हेर्देच्या लोकांनी स्वतः पाहिले आहे. हे गाव १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातून आलेल्या क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी वसवले. युद्धात लढणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्यच बंद केले होते. त्यांनी गाई पाळल्या, चीज करू लागले, कुरणांसाठी जंगलही तोडले. पण डोंगरमाथ्यावरचे जंगल राखले, कारण ओढ्याचे पाणी तिथून येते हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९७२ मध्ये तिथे राखीव जंगल झाले. त्याच माथ्यावर एक सोनेरी रंगाचा बेडूक राहायचा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. १९८७ मध्ये तो शेकड्यांनी दिसला, १९८९ मध्ये एकच दिसला, आणि त्यानंतर कधीच नाही. जंगल होते तसे उभे होते, कुणी कुऱ्हाड लावली नव्हती.

का गेला? बेडकांना होणाऱ्या एका बुरशीच्या आजाराकडे अनेक अभ्यासक बोट दाखवतात. पण तिथेच राहून काम करणारे अ‍ॅलन पाउंड्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. कोरड्या ऋतूत धुके नसलेल्या दिवसांची नोंद त्यांनी तपासली, तर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून असे दिवस वाढत चालले होते. समुद्र तापतो, हवा तापते, आणि ढग आधीपेक्षा जास्त उंचीवर बनतो. झाडे जागच्या जागी राहतात आणि ढग त्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

ग्रेटा ओटो आज दुर्मिळ नाही. मेक्सिकोपासून पनामापर्यंत ते आढळते. शिवाय त्याच्या कुळाला हिंडायची सवय आहे: पॅसिफिक बाजूचा उतार कोरडा पडू लागला की ही फुलपाखरे डोंगर चढून मेघवनाकडे आणि पलीकडच्या ओल्या उतारावर जातात. पण चढण्यालाही माथा असतो. ढग माथ्याच्या वर गेला तर त्यांनी कुठे जायचे? आणि समोर असूनही ज्याला दिसण्यासाठी वाटाडी लागते, ते कमी झाले हे सहज फिरायला आलेल्या माणसाला कळणार नाही. ते कळेल फक्त वर्षानुवर्षे वहीत आकडे लिहिणाऱ्यांना. धुक्याविना गेलेला एक दिवस डोळ्यांना काही सांगत नाही. पंचवीस वर्षांचे आकडे एकाखाली एक मांडले की ढग वर गेला हे दिसते.

अम्मीच्या डोळ्यांचे हेच झाले होते, आणि म्हणून पुढचे मला तिला सांगायचेच होते. ते सिद्दीक नंतर अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत गेले. तिथे २०१८ मध्ये विनायक नरसिंहन, सिद्दीक आणि त्यांच्या गटाने काचबिंदूच्या रुग्णांसाठी एक काम प्रसिद्ध केले. डोळ्याच्या आत बसवायचे एक अगदी लहान साधन, जे आतला दाब मोजते. बाहेरून त्यावर प्रकाश टाकून तो आकडा वाचायचा असतो, पण थोडे तिरके धरले तरी आकडा चुके. त्यांनी दुसऱ्या एका पारदर्शक पंखांच्या फुलपाखराची, कोरिनिया फाउनसची, पंखावरची सूक्ष्म रचना त्या साधनावर उतरवली आणि चूक पुष्कळ कमी झाली. सशांवर त्याची चाचणी झाली.

"त्याने दिसायला लागते?" अम्मीने विचारले. नाही. मेलेली नस त्याने जिवंत होत नाही, ते फक्त मोजते. अम्मीने मान हलवली. "मग ते तुम्हा मुलांसाठी आहे," ती म्हणाली.

ते साधन आपल्या गावच्या दवाखान्यात नाही. पण डोळ्याचा दाब मोजण्याचे साधे यंत्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतेच, आणि तपासणीला काही मिनिटे लागतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. चाळिशीनंतर, नीट दिसत असले तरी, दाब मोजून घ्यावा, आणि डोळ्यामागची नसही डॉक्टरांना तपासायला सांगावी, कारण काही जणांत दाब ठीक असूनही नस खराब होते. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगा. विशेषतः ज्या बायका "मला काय झालंय, सुईत दोरा जातो माझा" म्हणून उठून जातात, त्यांना.

आम्ही चार भावंडे. अम्मीचे निदान झाल्यावर चौघांनी तपासणी करून घेतली, आणि दोघांचा दाब वाढलेला निघाला. त्यातली एक मी. रोज रात्री इशानंतर दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालते. दर सहा महिन्यांनी डॉक्टर आकडा सांगतात, मी तो एका वहीत लिहिते, आणि घरी आल्यावर अम्मी पहिली गोष्ट तीच विचारते: "किती आला?"